रि: रि: सांगलीतलं पूर-स्मारक (ॲडव्हान्स थांबवा!!)

प्रेषक: कार्यवाह
मंडळी, गणपतीच्या मीटिंगला बोललो तसं २०१९ च्या महापुराचं स्मारक सांगलीत करूया. कृष्णेच्या घाटावर ब्राँझचा पुतळा, नावेतनं म्हातारीला काढणारा तरुण, खाली दगडी चौथरा, त्यावर देणगीदारांची नावं. रविवारपर्यंत हो-नाही कळवा, शिल्पकाराला ॲडव्हान्स द्यायचाय.

प्रेषक: गावभागातली माहेरवाशीण
काका, भावना पोचली, पण जागा कुणाची ते आधी बघा ना. घाट म्हणजे पूररेषेच्या आत, निळ्या रेषेच्या (नदीजवळची पूररेषा) आत बांधकामाला बंदी. बरं रस्त्याकडेला चौकात म्हणाल तर सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा आदेश आहे, रस्ते-फुटपाथवर नवीन पुतळ्याला परवानगी द्यायची नाही. पुतळा म्हटलं की फाइल जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत फिरणार, आणि हे सगळं झालं तरी पहिल्याच पुरानंतर त्या नावेतला गाळ कोण काढणार? आपण तर इथं परदेशात बसलोय. सातारा-सांगलीकडं गावोगावी एकाच साच्याची हुतात्मा स्मारकं आहेत, आमच्या मामाच्या गावच्या स्मारकाची किल्ली कुणाकडं असते हे विचारतच आम्ही अर्धा गाव फिरलो होतो, आत बघतो तर मंडपवाल्याच्या खुर्च्या. उद्घाटनाला पैसे मिळतात हो, झाडूला मिळत नाहीत.

प्रेषक: खजिनदार
पैशाचं पण ऐका. ज्यांनी इथला पासपोर्ट घेतलाय त्यांची देणगी भारतात परदेशी धरतात, ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी. घेणाऱ्या संस्थेकडं एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी नायतर आधी परवानगी पाहिजे. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतनं बँकेमार्फत पाठवलेले त्यात येत नाहीत. म्हणजे मंडळाच्या खात्यातनं थेट शिल्पकाराला हे विसरा.

प्रेषक: कार्यवाह
मग काय नुसती रेघ मारून यायचं काय भिंतीवर??

प्रेषक: गावभागातली माहेरवाशीण
रागावू नका पण हो काका, रेघच!! आमच्या घरी जिन्याच्या भिंतीवर बाबांनी ऑइलपेंटनं तीन रेघा मारल्यात, २००५, २०२१ आणि सगळ्यात वर २०१९, ब्रश जरा घसरलाय तिथं कारण ते तेव्हा शिडीवर होते. नवीन भाडेकरू आला की आधी त्याला रेघेखाली उभा करतात, मग भाड्याचं बोलतात. एक तर बघूनच गेला परत.

पावसाळ्यात अख्खी सांगली एकच विचारते, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं. पण पुलाला ४५ झाले म्हणजे माझ्या दारात किती हे बाहेरनं आलेल्या माणसाला कुठं कळतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मारुती चौक, असं ठिकठिकाणी त्या पाण्याच्या उंचीवर दगडी पट्टी बसवायची, त्यावर साल आणि खाली एक ओळ, पुलाला इतके फूट झाले की इथं पाणी येतं. घरमालकाची लेखी संमती घ्यायची, आकडे महापालिकेकडनं तपासून घ्यायचे, स्टीलची पाटी नको, भंगारात जाते. देणगीदारांची नावं अजिबात नकोत (माझंही).

प्रेषक: कार्यवाह
ॲडव्हान्स थांबवलाय. नावांचं मात्र मीटिंगला बोलू, दोघांनी आत्ताच फोन केलेत. आणि बाबांच्या त्या भिंतीचा फोटो टाक, रेघ घसरलेली दिसू दे.