सल्ला हवा: बाबांच्या फाइली जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या एसएसडीवर कशा हलवू?

परळची_लेक
नमस्कार मंडळी. बाबांचा कॉम्प्युटर २००९ सालचा. ५०० जीबीची हार्ड डिस्क, तिचे सी आणि डी असे दोन भाग. आत साधारण ३०० जीबी ऐवज आहे: घरचे फोटो, लग्नामुंजींचे व्हिडिओ आणि बाबांनी स्वतः टाइप केलेली कीर्तनाची आख्यानं. बाबा आता नाहीत, आणि ती आख्यानं दुसरीकडे कुठेही नाहीत. शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून १ टीबीची बाहेरून लावायची एसएसडी (आत फिरती तबकडी नसलेली नवी डिस्क) आणली. डी ड्राइव्हमधलं सगळं सिलेक्ट करून कट-पेस्ट केलं. तासाभराने एका व्हिडिओवर अडकलं. बराच वेळ वाट पाहून कॅन्सल केलं. आता काही फोल्डर इथे, काही तिथे. पुढे काय करू? दुकानात नेऊन देऊ का?

ठाणे_स्लो
ताई, आधी तो कॉम्प्युटर बंद करा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर पुन्हा चालूही करू नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा.

आवाज नसेल तर यापुढे फक्त कॉपी, कट नाही. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल इकडची तिकडे केली तर फक्त तिचा पत्ता बदलतो, म्हणून ते क्षणात होतं. दुसऱ्या ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की आधी कॉपी होते आणि मग मूळ फाइल पुसली जाते. मध्येच अडकलं की तुमच्यासारखी अर्धी-अर्धी वाटणी होते. जे तिकडे गेलंय ते तिकडेच राहू द्या, उरलेलं कॉपी करा.

गोरेगाव_पूर्व
मी तर म्हणेन अख्ख्या डिस्कचा क्लोन करा. क्लोनिंग सॉफ्टवेअर सगळं जसंच्या तसं उतरवतं, काही राहून जायची भीती नाही.

ठाणे_स्लो
@गोरेगाव_पूर्व, डिस्क धडधाकट असती तर मीही हेच सांगितलं असतं. पण क्लोन केला की एसएसडीवर आधीचं जे आहे ते पुसलं जातं, आणि ताईंचे अर्धे फोल्डर आता फक्त तिथेच आहेत. कृपया क्लोन करू नका.

२००९ च्या मशीनला बहुधा यूएसबी २.० च असणार. त्याचा वेग कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, हातात सेकंदाला ३०-३५ एमबी. ३०० जीबीला अडीच तास तरी लागतील. घरात नवा लॅपटॉप असेल तर डिस्क बाहेर काढून साटा-टू-यूएसबी ३.० अडॅप्टरने (सुटी हार्ड डिस्क यूएसबीला लावायची जोडणी) जोडा. मोठी, साडेतीन इंची डिस्क असेल तर स्वतंत्र १२ व्होल्टचा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या, नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही.

कॉपीसाठी टेराकॉपी नावाचं सॉफ्टवेअर चांगलं. एखादी फाइल वाचता आली नाही तर ती बाजूला ठेवून पुढे जातं, आणि व्हेरिफाय लावलं तर दोन्हीकडच्या फाइली ताडून बघतं. विंडोजमध्ये रोबोकॉपी ही कॉपीची कमांड आहेच, पण खराब फाइल भेटली की ती मुळात १० लाख वेळा, दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करते. तो आकडा १ वर आणल्याशिवाय वापरू नका. आणि तिचा 'मिरर' पर्याय अजिबात नको. जे मूळ जागी नाही ते तो नव्या जागेवरूनही पुसतो.

जुना_डीटीपीवाला
ताई, आख्यानं कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केली आहेत ते बघितलंत का? त्या काळातलं घरगुती मराठी टायपिंग बरंचसं युनिकोडमध्ये (आता फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालते ती अक्षरांची पद्धत) नसायचं. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, किरण असे फॉन्ट असायचे. अशा फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, देवनागरी दिसते ती फॉन्टमुळे. फाइल सुखरूप पोचली आणि फॉन्ट मागे राहिला, तर उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. लोक समजतात फाइल करप्ट झाली, आणि टाकून देतात. असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ओळखीच्या कुटुंबाने आजोबांचं सगळं लिखाण असंच घालवलं, कारण दुकानदाराने डी ड्राइव्ह ठेवून सी फॉरमॅट केला.

म्हणून सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डर, त्यातला फॉन्ट्स फोल्डर, तो पूर्ण कॉपी करून आख्यानांच्या शेजारी ठेवा. डेस्कटॉपवरच्या फाइलीसुद्धा सी ड्राइव्हमध्येच असतात, यूझर्स फोल्डरमध्ये. परवानगी मागेल, कंटिन्यू म्हणा. मग नव्या लॅपटॉपवर ते फॉन्ट इन्स्टॉल करून प्रत्येक आख्यान पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, कुठेही उघडलं तरी मराठीच दिसेल. युनिकोडमध्ये बदलायचं ते दुसऱ्या प्रतीवर; जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, त्यामुळे एकेक ओळ वाचावी लागेल. मूळ फाइलीला हात लावू नका.

माहीम_खाडी
एसएसडी कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे ते बघा. फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल घेणार नाही, लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडतील.

परळची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. आवाज नव्हता. एसएसडी एक्सफॅट निघाली, त्यात मोठ्या फाइली चालतात, म्हणजे अडचण ती नव्हती. भावाच्या लॅपटॉपला अडॅप्टरने डिस्क जोडली आणि आधी आख्यानं व फॉन्ट्स काढले, मग फोटो, शेवटी व्हिडिओ. टेराकॉपीने एकच फाइल नापास केली, तोच अडकलेला व्हिडिओ. बाकी सगळं आलं. तो व्हिडिओ सोडला तर कॉपी केलेल्या फाइलींची संख्या आणि साइझ प्रॉपर्टीजमध्ये दोन्हीकडे जुळले. 'साइझ ऑन डिस्क' जुळत नव्हता म्हणून घाबरले होते.

ठाणे_स्लो
तो जुळत नाहीच, दोन ड्राइव्हवर जागेचे तुकडे वेगवेगळ्या मापाचे असतात. साइझ जुळला ना, मग झालं. आता दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवा.

परळची_लेक
पुढच्या रविवारी भाऊ डोंबिवलीला घेऊन जातोय. जुनी डिस्क पुसलेली नाही, कपाटात आहे.

@जुना_डीटीपीवाला काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं होतं. जनाबाईंचं आख्यान उघडलं तर सगळी चिन्हंच. फॉन्ट टाकला आणि पूर्वरंगातला अभंग समोर आला, बाबा प्रत्येक ओळीनंतर दोन जागा सोडायचे तशाच सोडलेल्या. आई शेजारी बसून मोठ्याने वाचत होती. आतापर्यंत ११ आख्यानांच्या पीडीएफ झाल्या आहेत.