मदत हवी आहे : स्तनतपासणीत 'पुढे पाठवलेल्या' बायकांचा पाठपुरावा कसा बसवायचा?

नमस्कार,

मी एका छोट्या संस्थेत वस्तीपातळीवरच्या स्तनकर्करोग तपासणीचं काम बघते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. शिबिरं ठरवणं, रजिस्टर ठेवणं, रुग्णालयाशी बोलणं हे माझं काम. पुढच्या महिन्यापासून आम्हाला केस मॅनेजमेंट, म्हणजे एकेका बाईचा शेवटपर्यंत पाठपुरावा, सुरू करायचं आहे. माणसं दोनच, पूर्णवेळ मी आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या एक नर्सताई. ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. धागा लांब झालाय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

हे कुठून सुरू झालं ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरात एका बाईंच्या डाव्या स्तनात गाठ लागली. आम्ही नेहमीप्रमाणे चिठ्ठी दिली, रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात 'पाठवले' लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली. सात महिन्यांनी वेगळ्याच कामासाठी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी कपाटातल्या कपड्यांखालून ती चिठ्ठी काढून दाखवली. चार घड्या घातलेली, घड्यांवरची शाई पुसट झालेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली. "जपून ठेवलीय हो," म्हणाल्या. रुग्णालयात नेमकं कुठे जायचं, कोणाला भेटायचं, त्या दिवशी घरातल्या आजारी माणसाजवळ कोण बसणार, यातलं आम्ही काहीच विचारलं नव्हतं. गाठ दुखत नव्हती, म्हणून राहून गेलं. तोवर काखेतही गाठ आली होती. आता त्यांचे उपचार चालू आहेत. पण आमच्या रजिस्टरात त्या सात महिने 'पूर्ण' होत्या, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर मी मागची सगळी पानं काढून बसले. 'पाठवले' अशी ४६ नावं निघाली. त्यातल्या १९ जणींचं पुढे काय झालं याचा कागद आमच्याकडे आहे. या बाई धरून दोघींना कर्करोग निघाला, १७ जणींची केस 'नॉर्मल' म्हणून बंद झाली. उरलेल्या २७ जणींचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही. शिबिराला किती जणी आल्या हा आकडा मात्र आमच्याकडे अगदी शेवटच्या बाईपर्यंत बिनचूक आहे.

वाचायला लागले तेव्हा कळलं की हे आमच्यापुरतं नाही. फिलिपिन्समध्ये मनिला इथे १९९५ साली हाताने स्तनतपासणीचा मोठा प्रयोग सुरू झाला होता. १,३८,३९२ बायकांची तपासणी झाली आणि ३,४७९ जणींना पुढे पाठवलं. निदानापर्यंतच्या सगळ्या तपासण्या पूर्ण केल्या फक्त १,२२० जणींनी, म्हणजे ३५ टक्के. ४२ टक्क्यांहून जास्त जणींनी घरी जाऊन समजावल्यावरही स्पष्ट नकार दिला, बाकीच्या सापडल्याच नाहीत. पहिल्या फेरीनंतर १९९७ मध्ये ती तपासणी थांबवावी लागली. तपासणारे हात कमी पडले नव्हते, तपासणीनंतरचा रस्ता तुटला होता.

दुसरीकडे न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचं उदाहरण आहे. तिथल्या रुग्णालयात डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी १९६४ ते १९८६ या काळातल्या ६०६ स्तनकर्करोग रुग्णांचा हिशोब मांडला, तेव्हा पाच वर्षं जगलेल्या होत्या ३९ टक्के. त्यांनी आधी मोफत तपासणी सुरू केली आणि १९९० पासून प्रत्येक संशयित बाईबरोबर वाट दाखवणारं माणूस दिलं. १९९५ ते २००० या काळातल्या रुग्णांत तेच प्रमाण ७० टक्के झालं. सगळं श्रेय त्या माणसांचं असं मी म्हणत नाही, तपासणीही वाढली होती. पण ती माणसं बहुतेक डॉक्टर-नर्स नव्हती, हे वाचून मला धीर आला.

आता अडचणी. केस मॅनेजमेंटमध्ये शिबिराला आलेल्या सगळ्याच जणींना घ्यायचं की फक्त काही सापडलेल्यांना? केस 'बंद' कधी म्हणायची? फोन बऱ्याचदा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो, त्यांना काय सांगायचं? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, रुग्णालयाकडून आम्हाला काहीच परत कळत नाही. गेल्या वर्षी मी तीनदा यादी घेऊन गेले, तिन्ही वेळा वेगळ्या खिडकीवर पाठवलं.

---

कंदील

ताई, मी नऊ वर्षं हेच काम केलं. सगळ्यांना घेऊ नका, कोलमडून पडाल. तपासणीत काही सापडलेल्या आणि मॅमोग्राफीचा (स्तनाच्या एक्स-रेचा) रिपोर्ट अपुरा किंवा संशयास्पद आलेल्या, एवढ्याच.

पहिलं काम म्हणजे तो 'पाठवले' रकाना कायमचा काढून टाका. त्या जागी दोन रकाने करा, 'पुढची तारीख' आणि 'ती कोण बघणार'. उघड्या केसपुढे पुढची तारीख रिकामी दिसली की ती केस हरवली असं समजायचं. मी दर सोमवारी सकाळी दुसरं काही न करता फक्त तो रकाना वरून खाली वाचायचे.

केस बंद करायची तीनच कारणं आम्ही ठरवली होती. एक, निदान साधं निघालं आणि रिपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. 'त्या म्हणाल्या काही नाही निघालं' हे चालत नाही. दोन, कर्करोग निघाला आणि उपचार प्रत्यक्ष सुरू झाले. नुसती तारीख मिळाली म्हणजे सुरू झाले नाहीत. तीन, सगळं समजून-उमजून बाईंनी नकार दिला, किंवा ठरलेल्या सगळ्या प्रयत्नांनंतरही त्या सापडल्या नाहीत. हे सगळे प्रयत्न तारखेसकट लिहून ठेवायचे. नकार दिलेलीला दार उघडं आहे हे सांगून यायचं, आणि काही महिन्यांनी एकदा जाऊन यायचं.

मुदतीसाठी मोजमाप हवं असेल तर अमेरिकेतल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात संशयास्पद तपासणीपासून निदानापर्यंत ६० दिवस आणि निदानापासून उपचार सुरू होईपर्यंत आणखी ६० दिवस असं धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्तनकर्करोग उपक्रमातही पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान हेच लक्ष्य आहे, आणि उपचार सुरू केलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींनी ते पूर्ण करावेत हेही आहे. तेव्हा उपचार सुरू झाले म्हणून वही मिटून ठेवू नका, दुसऱ्या वहीत नाव घ्या. केमोच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीला गळणाऱ्या मी खूप बघितल्या.

फोनचं नावनोंदणीच्या वेळीच विचारून घ्यायचं. नंबर कोणाचा, कोणत्या वेळी करू, दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगू, आणि घरात कोणाला माहीत असलेलं चालेल. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. एकीने मला सांगितलं होतं, "शिवणाच्या क्लासमधून बोलतेय म्हणा." दीड वर्ष मी त्यांच्यासाठी शिवणाच्या क्लासमधून बोलत होते. घरच्यांपाशी 'गाठ' हा शब्द कधीही माझ्या तोंडून जाऊ दिला नाही.

चिठ्ठी मात्र त्याच दिवशी, दहा मिनिटं शेजारी बसून द्या. "जाल ना?" विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. "कोणत्या दिवशी जाल, कोणाबरोबर, त्या दिवशी घरचं कोण बघेल?" असं विचारा. अडचण तिथेच कळते.

---

नदीकाठ

मी स्तनविकार बाह्यरुग्ण विभागात नर्स आहे. कंदील यांच्याशी सहमत, पण मला तुमच्या हरवलेल्या २७ जणींइतकीच त्या 'नॉर्मल' १७ जणींची काळजी वाटते. त्यांची केस कशाच्या आधारावर बंद केली? नुसत्या मॅमोग्राफीच्या का?

विचारते, कारण ही चूक फार ठिकाणी होते. हाताला स्पष्ट गाठ लागते आणि मॅमोग्राफी मात्र स्वच्छ दिसते, असं होऊ शकतं. दाट स्तनांमध्ये तर गाठ झाकली जाते. अशा वेळी नॉर्मल मॅमोग्राफीवर थांबायचं नसतं. त्या जागेची सोनोग्राफी, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) व्हायला हवी. हाताची तपासणी, मॅमोग्राफी-सोनोग्राफीची चित्रं आणि बायोप्सी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, यांचा एकमेकांशी मेळ बसायला हवा. नाही बसला तर केस उघडी. तिशीच्या आतल्या बाईला गाठ असेल तर सहसा आधी सोनोग्राफीच करतात.

मॅमोग्राफी-सोनोग्राफीच्या रिपोर्टवर बायरॅड्सचा, म्हणजे संशय किती आहे ते सांगणारा ठरलेला आकडा असतो, तो वहीत लिहाच. शून्य म्हणजे 'काही नाही' असं समजून घरी बसलेल्या मी बघितल्या आहेत. शून्य म्हणजे चित्र अपुरं, पुन्हा या. चार आणि पाचला बायोप्सी लागते. सगळ्यात जास्त हरवतात त्या तीनवाल्या. कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपर्यंतच, म्हणून सहा महिन्यांनी परत बोलावतात, आणि सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. त्यांची केस बंद नसते, तिला फक्त लांबची तारीख असते.

कामाची वाटणी मी अशी करेन. फोन, प्रवास, कागद, सोबत, भीती हे तुमचं. 'ही केस बंद करायची का?' हे नर्सताईंनी रिपोर्ट बघून, शंका असेल तिथे डॉक्टरांना विचारून ठरवायचं. केस एकटीने बंद करू नका.

---

धागाकर्ती

नदीकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रीच रजिस्टर काढलं. १७ पैकी चौघींच्या नावापुढे आमच्याच नर्सताईंच्या अक्षरात 'गाठ, हलणारी' किंवा 'गाठ, कडक' लिहिलंय आणि पुढे फक्त मॅमोग्राफी नॉर्मल. सोनोग्राफी एकीचीही नाही. खूण माझ्या हातची आहे. सकाळी नर्सताईंना दाखवलं, आजपासून फोन सुरू करतोय.

---

पायवाट

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. मला सहा वर्षांपूर्वी निदान झालं, आता ठीक आहे. बायोप्सी सांगितल्यावर मी तीन आठवडे गेले नाही. सुई टोचली की तो पसरतो असं ओळखीच्या एकीने सांगितलं होतं आणि हे खरं का असं विचारायला माझ्याकडे माणूस नव्हतं. तुमच्यासारख्या एका ताईंनी सहज विचारलं, "सुईची भीती वाटतेय की रिपोर्टची?" मला रडूच आलं. मग त्यांनी नीट समजावलं की बायोप्सीमुळे कर्करोग पसरेल म्हणून ती टाळायची नसते, आणि ती न करता उपचार ठरवणंच अवघड होतं. दुसऱ्या दिवशी त्या बरोबर आल्या. आत काय झालं ते फारसं आठवत नाही. बाहेर त्या माझी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, ते आठवतं.

नकार देणाऱ्यांना आळशी किंवा अडाणी समजू नका. मीही त्या तीन आठवड्यांत कोणाच्या तरी रजिस्टरात नकार म्हणूनच असेन.

---

कंदील

रुग्णालयाचं राहिलं. यादी घेऊन खिडकीवर जाऊ नका, मोठ्या डॉक्टरांना गाठून एकच मागणी करा की आमच्यासाठी एक माणूस नेमून द्या आणि आठवड्यातला एक ठराविक दिवस. चिठ्ठीला खाली फाडून घेता येईल असा भाग जोडा. आली/नाही, काय केलं, पुढची तारीख, एवढंच, अर्ध्या मिनिटात भरता येईल असं. तो बाईंच्या हाती देऊ नका, नेमलेल्या माणसाकडून दर आठवड्याला स्वतः गोळा करा. आणि रिपोर्ट आम्हाला दाखवायला हरकत नाही अशी बाईंची लेखी संमती सोबत ठेवा, तिच्याशिवाय रुग्णालय माहिती देणार नाही आणि देऊही नये.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापर्यंत झालेलं लिहिते.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बुधवार दिलाय आणि एक नर्स नेमून दिल्या आहेत. संमतीचा कागद तयार होतोय. चौघींपैकी दोघींची सोनोग्राफी येत्या बुधवारी आहे, एकीबरोबर मी जाणार, दुसरीची बहीण येणार आहे. तिसऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच तर नॉर्मल सांगितलं होतं." मी चूक आमची होती असं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, शनिवारी घरी या, मुलीसमोर सांगा.

चौथीचा नंबर बंद आहे. रजिस्टरात पत्ता अर्धाच लिहिलाय. त्या शिबिरात त्यांच्या आधी आणि नंतर नाव असलेल्या दोघींना विचारलं, त्यातली एक त्यांना ओळखते आणि उद्या सकाळी मला घेऊन जाणार आहे. नवीन वहीचं पहिलं पान त्यांच्या नावाने उघडलंय, पुढची तारीख उद्याची.

एक प्रश्न अजून शिल्लक आहे, नदीकाठ. तीनवाल्या बायकांना सहा महिन्यांनी बोलावताना नेमके कोणते शब्द वापरता? घाबरवायचं नाहीये, पण 'काही नाही हो' असंही आता मला म्हणवत नाही.