किमीवर पगार की ठरीव पगार? हातात नक्की काय पडतं ते कसं काढायचं?

घाटउतार:
ट्रक चालवायच्या नोकरीसाठी दोन मालकांशी बोलणं चालू आहे. पहिला महिन्याचा ठरीव पगार देतो, वर बाहेरच्या दिवसांचा भत्ता. दुसरा किमीवर पैसे देतो, भत्ता त्यातच. "महिन्याला १५,००० किमी आरामात होतात" म्हणतो. कागदावर दुसरा दीडपट दिसतोय. लांब पल्ला, एकटा ड्रायव्हर, माल बहुतेक मोठ्या गोदामांत उतरणार. तुलना कशी करायची?

हिशोबवही:
एकट्या ड्रायव्हरला १५,०००? आधी तिथेच थांबा. आपल्याकडे लांब पल्ल्यावरही सरासरी ताशी ५०-५५ च्या वर क्वचितच जाते. युरोपात दिवसाला ९ तास चालवायची मर्यादा आहे (आठवड्यातून दोनदा १०), अमेरिकेत ११. नऊ तास धरले तर दिवसाला ४५० ते ५०० किमी, २२ दिवसांचे १० ते ११ हजार. त्यातून भरण्या-उतरवण्यात गेलेले दिवस वजा करा. १५,००० करायचे म्हणजे झोप मोडायची, नाहीतर दुसरा ड्रायव्हर सोबत हवा.

मग विचारा, पैसे कुठल्या किमीचे? ओडोमीटरचे, जीपीएसचे की रूटचे? रूटचे म्हणजे शहर ते शहर आधीच ठरवून ठेवलेलं अंतर. त्यात वळसा, गोदामापर्यंतचा आतला रस्ता, डिझेलसाठी मारलेला फेरा काही येत नाही. रिकामी गाडी बहुधा अर्ध्या दराने, कुठे कुठे फुकटच.

समजा गाडी ९,००० किमी फिरली. १,५०० रिकामे, अर्धा दर. उरलेल्या ७,५०० पैकी रूटमध्ये बसले ७,१००. पैसे मिळाले ७,८५० किमीचे, म्हणजे बोललेल्या दराच्या ८७ टक्के. दोन्हीकडची तुलना या आकड्यावर करा, बोललेल्या दरावर नाही.

रिकामी_पलटी:
वर सगळं बरोबर, पण किमीवाल्याला खरा मारतो तो थांबा. चाक फिरलं नाही की मीटर बंद. गोदामात गाडी सहा-सात तास उभी राहिली तर तो दिवस गेलाच. काही मालक पार्टीकडून थांब्याचे पैसे वसूल करतात आणि ड्रायव्हरला त्यातला छदामही देत नाहीत. म्हणून तीन गोष्टी लिहून घ्या: किती तासांनंतर पैसे सुरू, ताशी किती, आणि वेळ कुठून मोजणार. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. गेटला आल्यापासून मोजायची की डॉकला (माल उतरवायच्या फलाटाला) लागल्यापासून, यात अर्धा दिवस सहज जातो. गेटची एंट्री, डॉकची वेळ आणि सुटण्याची वेळ पोचपावतीवर शिक्क्यासकट घ्या, फोटो तिथेच काढा. नंतर कोणी मान्य करत नाही.

आणि भत्ता ही कमाई नव्हे. जेवण, आंघोळ, पार्किंग यात तो जातोच. किमीवाल्याच्या रकमेतून तो खर्च आधी काढा, पहिल्याच्या पगारात भत्ता मिळवू नका. जे उरेल त्याला रांगेतल्या वेळेसकट ड्युटीच्या सगळ्या तासांनी भागा.

घाटउतार:
हे केलं तर फरक बराच कमी होतोय. दुसऱ्याकडे "डिझेल ॲव्हरेज कमी पडलं तर कपात" अशी अट आहे. ती कितपत लागते?

टायरप्रेशर:
ठरवलेलं ॲव्हरेज कुठल्या वजनाला आणि कुठल्या रूटला, हे लिहिलेलं नसेल तर दर फेरीला लागेल. लिटरला ४ किमीचं ठरलं आणि ३.५ पडलं, तर १,००० किमीला २५० ऐवजी २८६ लिटर. ३६ लिटर तुमच्या खिशातून. चढाचा रस्ता, भरगच्च लोड, कमी हवेचे टायर, घासणारा ब्रेक, चोंदलेला एअर फिल्टर, यातलं निम्मं मालकाच्या देखभालीचं असतं. उभ्या गाडीचं इंजिन चालू राहिलं तर मोठी गाडी तासाला २-३ लिटर पिते, तेही तुमच्याच नावावर.

गाडी ताब्यात घेताना टाकी फुल करून घ्या, ओडोमीटरचा फोटो काढा. परत देताना पुन्हा फुल. डिझेल काट्यावरून मोजलेलं मान्य करू नका, विशेषतः गाडी उतारावर उभी असेल तर. आणि ॲव्हरेज चांगलं पडलं तर वाचलेल्या डिझेलचा वाटा मिळणार का, तेही विचारा. कपात एकतर्फी असेल तर ती पगारातूनच कापलीय असं धरून चाला.

हिशोबवही:
एक राहिलं. त्याच रूटवर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या मागच्या तीन महिन्यांच्या हिशोबाच्या स्लिपा बघायला मागा. उचल, मालाची तूट, टायर फुटल्याची कपात, सगळं त्यात दिसतं. दाखवायला का-कू केली तर पहिल्याकडे जा.