बालसंगोपनातल्या लेकरांची शाळा खरंच चाललीय का, हे बघायचं कसं?

मांजराकाठ, बीड

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात एका छोट्या संस्थेत काम करते. बालसंगोपन योजनेतली, म्हणजे आईबाप नाहीत किंवा सांभाळू शकत नाहीत म्हणून नातेवाईकाकडं राहणारी आन् सरकारी अनुदान मिळणारी लेकरं आमच्याकडं आहेत आन् काही लेकरं बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा लेकरांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या आदेशानं फॉस्टर केअरमधे, म्हणजे नात्यात नसलेल्या कुटुंबात दिलेली आहेत. गृहभेटीला गेलं की आमच्या फॉर्मवर शिक्षणाचा एकच रकाना, शाळेत जातो का, हो किंवा नाही. सगळीकडं हो लिहून येतं. आजी म्हणती जातोय, मामा म्हणतो जातोय, शाळा म्हणती पटावर नाव आहे. आन् मग नववीत कळतं की पोराला मराठीचा एक परिच्छेद सलग वाचता येत नाही, नाहीतर दहावीचा फॉर्म भरायच्या टायमाला पोरगं शाळेत नसतंच, पोरीचं तर लग्न ठरायला आलेलं असतं.

यातल्या बऱ्याच लेकरांचं घर एका जागी टिकत नाही. बाप गेला, आईनं दुसरं घर केलं, म्हणून आजीकडं, आजी थकली की मामाकडं, दसरा-दिवाळी झाली की मामा-मामी ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर जायलेत म्हणून मग चुलत्याकडं. दर वेळी शाळा बदलते आन् दाखला मागंच राहतो. एका शाळेनं तर जुनी फी बाकी आहे म्हणून दाखला अडवून धरला, लेकरू तेवढे दिवस घरी बसून.

पैसे महिन्याला खात्यात येतात की नाही याचा हिशोब सगळे ठेवतात, पण लेकरू शिकायलंय का याचा हिशोब कुणाकडंच नाही. आम्हाला तो ठेवायचाय. नेमकं काय लिहायचं, शाळेकडून कसं मागायचं, आन् हे करताना वर्गात लेकरावर "अनाथ आहे" असा शिक्का बसू नये यासाठी काय करायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

पाटीवाले गुरुजी, जालना

ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलंय म्हणून सांगतो, नवीन काही गोळा करायच्या आधी शाळेत जे पडलेलं आहे तेच मागा. पहिलं म्हणजे हजेरी, ती वर्षाची नाही तर महिन्याची. वर्षाच्या टक्केवारीत सगळं झाकलं जातं. जून ते सप्टेंबर पोरगं रोज आलं आन् नोव्हेंबरपासून गायब झालं तरी वर्षाचा आकडा बरा दिसतो. अमेरिकेत शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के बुडाले की त्या मुलाकडं लक्ष द्यायला लागतंय असं मानतात. आपल्याकडं धरलं तर महिन्याला दोन-अडीच दिवस. दोन महिने लागोपाठ तसं दिसलं की घरी जायचं, सहामाहीची वाट बघायची नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक लेकराचा पेन नंबर तुमच्या फायलीत पाहिजे. यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तो लेकराचा कायमचा नंबर असतो, शाळा बदलली तरी बदलत नाही. लेकरू एका शाळेतून गेलं आन् दुसरीकडं नोंदवलं गेलं नाही की त्याचं नाव ड्रॉपबॉक्समधे, म्हणजे त्याच नोंदीतल्या कुठल्याच शाळेत नसलेल्या लेकरांच्या यादीत, पडून राहतं. नवीन शाळेला पेन नंबर दिला की ती तिथून ओढून घेते. मुख्याध्यापकाला सरळ विचारा, सर, आमचं लेकरू ड्रॉपबॉक्समधे तर नाही ना. बऱ्याच वेळा तिथंच सापडतं.

दाखल्याचं म्हणाल तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मधे स्पष्ट आहे, मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा, आन् सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखला उशिरा आला या कारणावरून प्रवेश थांबवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही थांबवता येत नाही. हे आठवीपर्यंत. अडवलं तर भांडत बसू नका, केंद्रप्रमुख आन् गटशिक्षणाधिकाऱ्याला लेखी द्या. तोवर लेकरू नवीन शाळेत बसवा, कागद मागून येतील.

आन् तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, प्रगतिपुस्तकावरच्या श्रेणीवर जाऊ नका. तुम्ही स्वतः लेकराला वाचायला लावा. असर नावाच्या, गावोगावी मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणात वापरतात तीच पद्धत, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका लेकराला दहा मिनिटं पुरतात. कुठं अडकलं तेवढं तारखेनिशी लिहायचं, चार महिन्यांनी परत बघायचं. सातवीतलं पोरगं शब्दावरून परिच्छेदावर आलं तर ती मोठी प्रगती आहे, वर्गाच्या मानानं तो मागं दिसंल पण त्याच्या स्वतःच्या मानानं तो पुढं गेलाय. तुलना त्याचीच त्याच्याशी करा.

गोदातीर, नांदेड

गुरुजींनी शाळेची बाजू चांगली सांगितली, मी समितीच्या बाजूनं सांगतो, काही वर्षं त्या कामात होतो. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणं प्रत्येक लेकराचा वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो आन् त्यात शिक्षणाचा भाग असतो. बहुतेक फायलीत तिथं "शिक्षण चालू ठेवणे" असं एक वाक्य असतं, सगळ्या लेकरांना तेच वाक्य. ते बदलायचं काम तुम्ही करू शकता. लेकरू आत्ता कुठल्या पातळीवर वाचतंय, सहा महिन्यांत कुठं न्यायचं, त्यासाठी कोण काय करणार, हे नावानिशी लिहा आन् समितीपुढं ठेवा. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या खंडपीठाचे अधिकार आहेत, तिच्या आदेशात शिक्षणाचा मुद्दा लिहून आला की शाळाही ऐकते आन् नातेवाईकही.

लेकराचं घर बदलायचा विषय समितीपुढं आला की एक प्रश्न तुम्ही आवर्जून विचारा, शाळा बदलणं गरजेचं आहे का. घर बदललं म्हणून शाळा बदललीच पाहिजे असं काही नाही. पाच-सात किलोमीटरच्या आत असंल तर जुनीच शाळा ठेवा. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास आहे, मुलांना सवलतीचा पास आहे. बदलायचीच असंल तर मे-जूनमधे बदला, आन् नववी-दहावीत शक्यतो हात लावूच नका.

ओळखीचं म्हणाल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचून ठेवा, अशा लेकराची ओळख उघड करायला बंदी आहे. शाळेशी बोलायचं ते फक्त मुख्याध्यापक आन् एका वर्गशिक्षकाशी. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं पत्र सोबत न्या, म्हणजे हजेरी आन् निकाल कुणाला द्यायचे हा प्रश्न राहत नाही. व्हॉट्सअपच्या ग्रुपवर यादी टाकायची नाही, कितीही घाई असली तरी. वर्गात वह्या-दप्तराचं वाटप करून फोटो काढायला कुणी आलं तर हात जोडून नाही म्हणा.

पैशाचं सांगायचं तर बालसंगोपनाचं अनुदान ४२५ वरून ११०० आन् २०२३ मधे २२५० झालं, चांगलं झालं, पण ते १८ वर्षांपर्यंतच आहे. कित्येक लेकरांचे १८ बारावीच्या मधेच भरतात. म्हणून दहावीतच पुढचं बघायला लागतं, वसतिगृह कोणतं, शिष्यवृत्ती कोणती. दोन्ही पालक नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचं काम दहावीच्या आधीच सुरू करा, शिक्षणात आन् सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, आन् ऐन प्रवेशाच्या वेळी कागद मिळता मिळत नाही.

आत्या, वसमत

मी योजनेतली नाही, घरातली आहे. भावाचं लेकरू माझ्याकडं आहे आन् माझी दोन. तुम्ही सगळे नोंदी-कागदाचं बोलायलात ते बरोबर आहे, पण लेकरू नवीन घरात आलं की पहिले काही महिने त्याच्या डोक्यात शाळा शिरतच नाही हो. रात्री झोपत नाही, सकाळी वर्गात डुलक्या खातंय, बाई म्हणतात लक्ष नाही. लक्ष कुठून असणार? त्या काळात मार्क बघू नका, फक्त रोज शाळेत गेलं का आन् कुणाशी बोललं का एवढं बघा. आमच्या पोराचं वाचन तर उलट मागं गेलं होतं पहिल्या वर्षी, नंतर आपोआप वर आलं, एका मॅडमनी रोज सुट्टीनंतर थोडा वेळ बसवलं त्याला. त्या मॅडमशिवाय जमलं नसतं.

आणखी एक. पालक सभेला आईवडिलांना घेऊन या म्हणतात, प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही मागतात, "माझे कुटुंब" वर निबंध देतात. लेकरू त्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी राहतं. तुमच्या रजिस्टरात ती गैरहजेरीच दिसंल. म्हणून हजेरीच्या शेजारी कारण लिहायला जागा ठेवा. शाळेला आधीच सांगून ठेवा की सही आत्याची चालंल, पालक म्हणजे मी.

आन् ताई, भेटीला आलात की लेकराशी एकट्याशी बोला. आमच्यासमोर ते खरं सांगणार नाही, घरचं कितीही चांगलं असलं तरी.

लातूरकर, सध्या लीड्स

मी मूळचा औशाचा, इंग्लंडमधे शाळेत शिकवतो, इथली पद्धत सांगतो, त्यातलं जमंल ते घ्या. इथं प्रत्येक स्थानिक प्रशासनात व्हर्च्युअल स्कूल हेड नावाचा अधिकारी असतो, २०१४ च्या कायद्यानं तो नेमणं बंधनकारक झालं. त्या शाळेला इमारत नसते, लेकरं वेगवेगळ्या शाळांत शिकतात, पण त्या भागातली केअरमधली, म्हणजे सरकारनं सांभाळायला घेतलेली सगळी लेकरं जणू एकाच शाळेची आहेत असं धरून तो त्यांची हजेरी, प्रगती, शाळेतून काढून टाकणं, सगळं एका जागी बघतो. प्रत्येक लेकराचा वैयक्तिक शिक्षण आराखडा असतो आन् दर सत्राला त्याची बैठक होते, म्हणजे वर्षात तीनदा. प्रत्येक शाळेत या लेकरांसाठी एक शिक्षक ठरवून दिलेला असतो. त्यांच्या शिक्षणासाठी जादा निधी मिळतो तो पण व्हर्च्युअल स्कूल हेडच्या हातात असतो. एवढं करूनही सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत ही लेकरं बाकीच्यांच्या बरीच मागं असतात, सरकार दरवर्षी ते आकडे जाहीर करतं. पण आकडे समोर असल्यामुळं निदान कुणाला सगळं छान चाललंय असं म्हणता येत नाही.

आपल्याकडं असं पद नाही, मान्य. पण तालुक्यातल्या तुमच्या सगळ्या लेकरांची एकच वही आन् ती बघणारा एकच माणूस, एवढं तर तुमची संस्था करू शकते. आन् एका जागी टिकून शिकण्याचा फायदा आपल्या भागानं पाहिलेला आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० लेकरं पुण्याजवळ वाघोलीला नेली, तिथंच ठेवून शिकवली. घरापासून लांब नेणं प्रत्येक लेकराला मानवत नाही हे खरं आहे, पण त्यांची शाळा मधेच तुटली नाही.

मांजराकाठ, बीड

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्या, कारणाचा रकाना आजच टाकला, आन् एकट्याशी बोलायचं पण. गोदातीर सर, आराखड्यातलं वाक्य बदलायचं हे डोक्यातच आलं नव्हतं, पुढच्या समितीच्या बैठकीला घेऊन जाते. गुरुजी, एक विचारायचं राहिलं. ज्यांचे मामा-चुलते आता टोळीत जाणार त्या लेकरांचं काय करू? महिनाभरात निघतील.

पाटीवाले गुरुजी, जालना

ताई, यात उशीर करू नका. गावातल्या शाळेत हंगामी वसतिगृह, म्हणजे घरचे ऊसतोडीला गेले तरी लेकरू गावातच राहून शिकंल अशी सोय, मंजूर आहे का ते विचारा, ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं, नसंल तर मुख्याध्यापकांना आत्ताच प्रस्ताव द्यायला लावा, टोळ्या गेल्यावर उपयोग नाही. यादीत तुमच्या लेकरांची नावं स्वतः बघा, नातेवाईकाकडं राहणारं लेकरू बऱ्याचदा सुटतं कारण आईवडील स्थलांतरित आहेत का एवढंच विचारतात. जे लेकरू कारखान्यावर जाणारच आहे त्याचं शिक्षण हमी पत्रक शाळेतून घ्या, त्यावर तुमच्या चाचणीची पातळी पेन्सिलनं लिहा, कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून बसवता येतं. कुणाचा मुकादम कोण आन् कारखाना कोणता हे मात्र टोळी हलायच्या आधी लिहून घ्या, नंतर फोन लागत नाहीत.