पालकाची कोवळी रोपे खुडणारे बुलबुल

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या गच्चीवर पालक आणि मेथीची रोपे उगवताच बुलबुल त्यांची पाने खुडतात, देठ तेवढे उरतात. पक्ष्यांना इजा न करता ती कशी वाचवावीत?

उत्तर १ : वाफ्यावर बांबूच्या कामट्यांची कमान करून २ सेंटीमीटरपेक्षा लहान भोकांची जाळी चारही बाजूंनी ताणून विटांखाली दाबावी, कारण सैल जाळीत पक्ष्यांचे पाय आणि पंख अडकतात. बारीक नायलॉनचा धागा कृपया वापरूच नये.

उत्तर २ : मेथीचे दाणे कबुतरेही टिपतात, म्हणून अंकुर दिसेपर्यंत ओले गोणपाट अंथरावे. टांगलेल्या जुन्या सीडींना पक्षी लवकरच सरावतात.

उत्तर ३ : उन्हाळ्यात ते ओलाव्यासाठीही पाने खातात, शेजारी पाण्याचे पसरट भांडे अवश्य ठेवावे. पाने जून झाली की जाळी काढता येते.