दक्षिणेची रेल्वेवारी: तुमचे किस्से येऊ द्या

सायली_के
भाच्याने रामेश्वरला जाणाऱ्या, समुद्रावरच्या नव्या पांबन रेल्वेपुलाचा व्हिडिओ पाठवला. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला, मधला गाळा अख्खाच्या अख्खा सरळ वर उचलला जातो. छानच आहे, पण मला जुना आठवला, १९१४ चा. मंडपम सुटलं की गाडी गोगलगाय व्हायची. खिडकीतून खाली बघितलं तर कठडा नाही, रूळ नाही, थेट हिरवं पाणी. समोरच्या बर्थवरच्या आजी डोळे गच्च मिटून रामरक्षा म्हणत होत्या, आणि आमचे बाबा त्यांनाच समजावून सांगत होते की पूल मधोमध उघडतो आणि माणसं तो हाताने उघडतात! आजींनी आवाज वाढवला.
रामेश्वरला बावीस तीर्थांचं स्नान. विहिरीच्या काठावर उभा माणूस बादली ओढणार, डोक्यावर ओतणार, की आपण निथळत पुढच्या विहिरीकडे पळायचं. कॉरिडॉर इतका ओला की सगळे बदकासारखे चालतात. मग कपडे बदलून दर्शन.
तुम्ही कुठे कुठे गेलात? लिहा.

उनाड_पाऊस
रामेश्वरच्या पुढचं टोकाचं धनुष्कोडी राहिलं का? डिसेंबर १९६४ च्या वादळात पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर माणसांसकट गेली. चर्चच्या भिंती उभ्या आहेत अजून. तिथेच शंखशिंपल्यांची दुकानं आणि तळलेले मासे. खावेसे वाटेनात, पण मित्रांनी हाणले.

मंजिरी७१
तंजावर!! बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर चक्क मराठी शिलालेख. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा सगळा इतिहास कोरून घेतलाय. मी वाचत बसले, नवरा बाहेर चपला राखत उन्हात. दगड असा तापलेला की पायमोजे घालून जा, खरंच सांगते. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदही आहेत.

भटक्या_नाना
मंजिरीताई, नवऱ्याचं काय झालं पुढे?

मंजिरी७१
नाना, त्यांनी फिल्टर कॉफीवर राग काढला. तीन डबरे (तिथला वाटी-पेला). 😄

कोकणकडा
फोनवरून लिहितोय, चुका माफ. आजोबा अजूनही कन्याकुमारी एक्सप्रेसला जुन्या नावाने जयंती जनताच म्हणतात. सोलापूर, गुंटकल, काटपाडी करत जाते. पालक्काडच्या आसपास हवाच बदलते, एकदम ओलसर हिरवं. शोरनूरकडे केळ्याची भजी घेऊन येतात, पळंपोरी. त्यावर चाया. बाकी काही नको.
विवेकानंद शिळेवर गेलो की आजोबा प्रत्येकाला सांगतात, हे एकनाथजी रानड्यांनी उभं केलं, आपल्या विदर्भाचे! १९७० चं स्मारक. शेजारचा तमिळ कवी तिरुवळ्ळुवरचा पुतळा १३३ फूट, त्याच्या कुरळ या ग्रंथाचे अध्याय १३३ म्हणून. सूर्योदयाला गच्चीवर अर्धं गाव चढलं होतं आणि क्षितिजावर नुसते ढग. कोणी तरी टाळ्या वाजवल्याच.

स्वरूपा_व्ही
तिरुअनंतपुरमला पद्मनाभस्वामीला बायकांनाही पंजाबी ड्रेसवरून मुंडू (केरळी पांढरी लुंगी) गुंडाळावं लागतं. बाहेर भाड्याने मिळतं. सासरे उघड्याने धोतरात, पोटावर एक हात. फोटो काढता येत नाही हे किती बरं.

आनंदी_गोपाळ_नाही
तिरुवण्णामलैबद्दल कोणीच नाही? रमण महर्षींच्या आश्रमात खोलीसाठी आधीच लिहावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही. आम्हाला मिळाली. जेवण जमिनीवर, पानावर, वाढपी इतक्या झपाट्याने सांबार ओततात की नको म्हणायच्या आत भात बुडतो. जुन्या हॉलमध्ये लोक तासन् तास गप्प बसतात. बाहेर मोर केकाटत असतात, त्याचं कोणाला काही नाही. मला तिथे बसवत नव्हतं, डास. पण पौर्णिमेची गिरिप्रदक्षिणा केली, १४ किलोमीटर, अनवाणी. आई पुढे, आम्ही तरणे मागे लंगडत.
जाता जाता, एका लॉजवाल्याने गरम पाण्याचे वेगळे पैसे लावले. मे महिन्यात!!

उनाड_पाऊस
मे महिन्यात तिथे गरम पाणी कोण मागतं 😂

आनंदी_गोपाळ_नाही
आई.

भटक्या_नाना
यंदा हिलाही न्यायचंय. रिझर्वेशन झालंय, जेवणाच्या डब्याचं ठरत नाही. दशम्या किती टिकतात हो?

मंजिरी७१
दुधात भिजवलेल्या दोन दिवस सहज. बरोबर शेंगदाण्याची चटणी, कोरडी. लसूण कमी, डब्यात वास येतो.

कोकणकडा
वास येऊ दे काकू, शेजारचे जागा सोडतात.