मदत हवी आहे: हव्यास, समाधान आणि जकातीचा हिशेब

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. कोंढव्यात नोकरदार तरुणांसाठी 'पैसा, हव्यास आणि समाधान' यावर दीड तासाचं सत्र घ्यायचंय. आधार पक्का आहे: कुराणातल्या सूरह तकासुर या अध्यायाच्या 8 आयती (वचनं), आणि बुखारी-मुस्लिम या संग्रहांमधली हदीस (पैगंबरांचं वचन) की खरी श्रीमंती मालमत्तेत नाही, मनात असते. संपत्ती कमावणं हराम नाही, हेही ठासून सांगायचंय. नाहीतर ऐकणारे नुसता अपराधीपणा घेऊन उठतात.

अडतंय जकातीपाशी, म्हणजे संपत्तीतून दरवर्षी द्यायच्या बंधनकारक दानापाशी. 612.36 ग्रॅम चांदीचा निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा), त्यावर एक चांद्रवर्ष, मग अडीच टक्के, इथवर सोपं. पण बरेच जण अख्खं गृहकर्ज वजा करतात आणि जकात शून्यावर येते. येत्या वर्षभराचे हप्तेच वजा करावेत, असं अनेक उलमा (धर्मविद्वान) सांगतात. वापरातल्या सोन्याच्या दागिन्यांवर हनफी मताने जकात आहे, शाफईंच्या प्रचलित मताने नाही (हे दोन्ही इस्लामी कायद्याचे पंथ). आपली कोकणी कुटुंबं बहुतेक शाफई, म्हणजे एकाच खोलीत दोन उत्तरं!

कुणी हे मराठीतून शिकवलंय का? पगाराची शिल्लक, म्युच्युअल फंड आणि विक्रीसाठी घेतलेला फ्लॅट (खरेदीची नव्हे, जकातीच्या दिवशीची बाजारकिंमत धरून) असा नमुना तक्ता असेल तर कृपया द्या.